दाराबाहेर न जाणारा पलंग

आमच्या गल्लीत कुणी पुढचा विचार न करता काही करून बसला, की लोक अजून म्हणतात, "झाला मुतवल्लीचा पलंग!" शेजाऱ्यानं मोठी मोटार घेतली आणि ती गल्लीच्या तोंडाशीच अडकली, की मुतवल्लीचा पलंग. बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांनी त्या मुतवल्ली सुताराला पाहिलेलंही नाही. मी पाहिलंय. मी अतिया, पिंजारी. त्याच्या दारासमोर बसून उभा जन्म कापूस पिंजला, गाद्या भरल्या, आणि त्याला हसणाऱ्यांत माझाही आवाज होता. म्हणून ही गोष्ट मीच सांगितलेली बरी.

आमच्या गावात, दुमियातमध्ये, डोळे मिटून दगड भिरकावला तर तो सुताराला लागतो, आणि सुतार चुकलाच तर पॉलिशवाल्याला. खाली कारखाना, वर संसार, अशी आमची घरं. खाली रंधा चालतो तेव्हा वर चहाचे पेले थरथरतात. मुतवल्लीचं घरही तसंच. अरुंद जिना, वर दोन खोल्या, आणि आतल्या खोलीचं दार असं चिंचोळं की जाड्या माणसानं श्वास रोखूनच आत जावं. माणूस उंच, किडकिडीत, कानावर पेन्सिल, बोलणं कमी. त्याची बायको रतीबा मात्र दोघांच्या वाटणीचं बोलायची. ती कफ्र अल-बत्तीखकडची, पेरूच्या बागेतली. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या कपड्यांनाही पेरूचा वास यायचा असं माझी बायको सांगायची.

आमच्याकडे लग्नात पलंग नवऱ्यानं द्यायचा. तोही गुपचूप नाही. हातगाड्यांवर चढवून, ढोल बडवत, टाळ्या पिटत सगळ्या गावातून मिरवत न्यायचा. बायका गच्च्यांवरून जिभा फिरवत किलकाऱ्या मारतात आणि पायांपासून उशापर्यंत पलंगाची परीक्षा करतात. मुतवल्ली तेव्हा दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर होता. लढाईचे दिवस, परदेशी लाकूड मिळत नव्हतं, आणि खिशात वारा. त्याच्या मालकानं दया केली. म्हणाला, "माझ्या दुकानातला अक्रोडाचा पलंग ने, मिरव, ठेव चार दिवस. सासरच्यांपुढे मान खाली नको जायला." मुतवल्लीनं नेला. मी तेव्हा नुकता धंद्याला लागलो होतो. आयुष्यातली पहिली गादी एकट्यानं भरली ती त्या पलंगासाठी, लग्नाची भेट म्हणून.

पुढच्याच गुरुवारी पलंगाला मन्सूरा गावचं गिऱ्हाईक लागलं.

गुरुवार आमच्या गावाचा कर्दनकाळ. कारागिरांची मजुरी गुरुवारी द्यावी लागते, म्हणून ज्याच्याकडे जे तयार असेल ते गाडीवर चढवून तो दुकानादुकानांतून फिरवतो आणि मिळेल त्या भावात देऊन टाकतो. त्या दिवशी मालकाची माणसं वर गेली, त्यांनी पलंगाचे बोल्ट सोडले आणि एकेक भाग जिन्यानं खाली आणला. नवी नवरी रतीबा भिंतीला टेकून उभी होती, हातात रजई घडी करून धरलेली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मुतवल्ली सुटलेले बोल्ट गोळा करत राहिला. शेवटी तीच म्हणाली, "उस्ता, माहेरी कळायच्या आत निदान जमिनीवर काहीतरी अंथर."

उस्ता म्हणजे आमच्याकडे कारागिराला मान देऊन मारलेली हाक. नवऱ्याला ती तेव्हापासून उस्ताच म्हणायची. कधी मानानं, बहुतेक वेळा टोमण्यानं.

मुतवल्लीनं दोन कनबे आणून जोडले. कनबा म्हणजे बसायचा लांब बाक, खाली सामानाची पेटी. माझी गादी त्यावर मावेना, दोन्हीकडून लोंबायला लागली. मी ती उसवून कापून लहान केली. माझी पहिलीवहिली गादी, माझ्याच हातानं कापली. करताना म्हणालो, "उम्म..." आणि थांबलो. उम्म म्हणजे आई, आणि तिचा मुलगा हिशाम तेव्हा झालेला नव्हता, मग तिला अमक्याची आई म्हणावं तरी कुणाची. मग म्हणालो, "वहिनी, तुझा स्वतःचा पलंग येईल त्या दिवशी लांब धाग्याच्या कापसाची गादी माझ्याकडून."

"येईल, येईल," मुतवल्ली मान खाली घालून म्हणाला. "माझ्या हातचा करीन. इन्शाल्ला."

त्या दोन कनब्यांमध्ये एक फट होती. किती चादरी कोंबल्या तरी ती रात्रीतून रुंदावायची. हिशाम लहानपणी तिच्यात दोनदा अडकला. त्या फटीवर रतीबाचा संसार झाला, मुलं झाली, केस पांढरे झाले. आमच्यात म्हण आहे, सुताराच्या घरचं दार मोडकं. मुतवल्लीच्या घरी दार धड होतं, पलंगच नव्हता.

त्यानं केला नाही असं नाही. तेच तर दुःख होतं. स्वतःचा कारखाना निघाल्यावर पहिलं लाकूड आलं तेव्हाच त्यानं तिच्यासाठी पलंग करायला घेतला. रतीबा खाली येऊन म्हणाली, "उशाच्या फळीवर एक पेरूचं पान कोर. एकच. म्हणजे माझा आहे हे मला कळेल." मुतवल्ली काही नक्षीवाला नव्हे, नक्षीचं काम आमच्याकडे वेगळ्या माणसाचं. पण त्यानं स्वतः कोरलं. शिरा-बिरांसकट. रतीबा येताजाता त्या पानावरून बोट फिरवायची. मला म्हणाली, "अतियाभाऊ, कापूस बघून ठेव." मी बघून ठेवला.

आणि गुरुवार आला. त्या आठवड्यात गिऱ्हाईकानं ठरवलेलं कपाट नेलं नाही, कारागीर दारात उभे, त्यांच्या घरी चुली वाट बघतायत. तयार काय होतं? पलंग. मुतवल्ली जिन्याशी जाऊन उभा राहिला, वर बघत. वरून आवाज आला, "ने. पण सांभाळून ने, पानाला चरा पडू देऊ नकोस."

पुढे हे असंच होत राहिलं. दर दोनचार वर्षांनी तो तिच्यासाठी पलंग करायला घ्यायचा, पान कोरायचा, आणि पलंग खाली कारखान्यात असायचा म्हणून कुणीतरी बघायचंच. मुख्य म्हणजे हाजी सबरी. हा मोठ्या रस्त्यावरचा दुकानदार, पोट आधी येणार आणि मागून स्वतः. चांगल्या मालाचा वास त्याला मांजराला माशाचा यावा तसा यायचा. "उस्ता, हा कुणाचा?" "घरचा." "घरचाच दे मग, बाजारचे तर रोज बघतो!" एकदा मुलीचं लग्न आलं, एकदा छप्पर गळायला लागलं, एकदा तर काहीच नव्हतं, फक्त मुतवल्लीला नाही म्हणता आलं नाही. त्या वेळी रतीबा चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. आणि रतीबा बोलत नाही म्हणजे गल्लीला रमजानातल्या दुपारसारखं वाटायचं.

"तुझं इन्शाल्ला," पाचव्या दिवशी ती म्हणाली, "बुधवारी येतं आणि गुरुवारी जातं."

मी हसलो. माझं काय जात होतं? पण एक सांगतो, त्या बाईचं दुःख मला कळलं ते झगाझिग गावी गेलो तेव्हा. रतीबानं त्या पलंगांना ते गेले त्या गावांची नावं दिली होती, तांतावाला, मन्सूरावाला, झगाझिगवाला. कुणी त्या बाजूला निघालं की बजावायची, "दिसला तर बघ हं." सासरी दिलेल्या मुलींची चौकशी करावी तसं. सगळे हो म्हणायचे आणि विसरायचे. मी एकदा गाद्या घेऊन झगाझिगला गेलो, एका डॉक्टरच्या घरी, आणि आतल्या खोलीत पाऊल ठेवतो तर उशाच्या फळीवर पेरूचं पान. मी तिथं उभाच राहिलो. डॉक्टरीणबाईंना वाटलं मला उन्हाचा झटका आला, त्यांनी लिंबाचं सरबत दिलं.

परत येऊन रतीबाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं ताट बाजूला ठेवलं.

"कसा आहे?"

"चांगलाय. पॉलिश जरा उतरलंय."

"खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

"डाव्या."

"म्हणजे सकाळचं ऊन तोंडावर येत असेल." मग थोडं थांबून, "कोण झोपतं रे त्याच्यावर?"

"डॉक्टर आणि त्याची बायको. आणखी कोण झोपणार?"

"ती भिंतीकडे झोपते की दाराकडे?"

"उम्म हिशाम," मी वैतागलो, "मी पिंजारी आहे. लोकांच्या बायका कुठल्या कुशीवर झोपतात हे विचारलं तर मला जोड्यानं मारतील!"

ती हसली, पण डोळे भरले होते. म्हणाली, "मी दाराकडे झोपले असते." आणि परत तांदूळ निवडायला लागली. मी घरी येऊन उगाचच बायकोवर खेकसलो. असं काही ऐकलं की मला राग येतो, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नाही.

वर्षं गेली. मोठमोठ्या कारखान्यांतून भुशाच्या फळ्यांचं सामान यायला लागलं, दिसायला राजवाडा आणि पाणी लागलं की पापड. मुतवल्लीचे कारागीर एकेक करून पांगले. हिशाम बंदराच्या कचेरीत नोकरीला लागला, त्यानं रंध्याला हात लावला नाही. आणि एक दिवस मुतवल्लीच्या लक्षात आलं की गुरुवार आला आणि गेला, दारात कुणीही उभं नव्हतं. त्यानं कारखान्याला कुलूप लावलं. हत्यारं मात्र घेऊन वर गेला.

मग लाकूड वर जायला लागलं. झान आम्ही म्हणतो त्याला, तांबूस, घट्ट, चिवट लाकूड. एकेक फळी खांद्यावर घेऊन म्हातारा जिना चढायचा. आतल्या खोलीतून रंध्याचा आवाज यायला लागला. रतीबा गच्चीवर आली की तिच्या डोक्यावरच्या रुमालात भुसा दिसायचा.

"काय चाललंय वर?" मी खालून विचारायचो.

"उस्ता म्हातारपणी घरात आलाय, म्हणजे घराचा कारखाना झालाय!" ती वरून ओरडायची. "अतियाभाऊ, सगळं सोसेन, पण तो सरस नाही सोसणार! गाढवांच्या हाडांचं सूप माझ्या घरात शिजायचं नाही!"

सरस म्हणजे हाडं उकळून केलेला, लाकूड चिकटवायचा डिंक; त्याच्या वासावरून त्यांची जन्माची भांडणं. खाली कारखान्यात तो मंद आचेवर शिजत असायचा आणि त्याचा घाण, गोडसर वास तिच्या पडद्यांत, भाकरीत, मुलांच्या केसांत भरायचा. "हा वास जाईल तेव्हा मी सुटेन," हे तिचं ठरलेलं वाक्य. म्हणून मुतवल्ली कुलूप उघडून खालीच सरस गरम करायचा आणि थंड व्हायच्या आत भांडं घेऊन जिन्यावरून पळायचा. सत्तरीचा माणूस, हातात उकळतं भांडं, लुंगीसारखा झगा कमरेला खोचलेला. आम्ही चहाच्या दुकानातून पैजा लावायचो.

पलंग झाला. काय पलंग होता! उशाची फळी माझ्या खांद्याइतकी उंच, पाय गोल घोटलेले, पॉलिश असं की त्यात तोंड बघून दाढी करावी. वर ते एक पान, आता जरा थरथरत्या हाताचं. मुबारक म्हणायला सगळी गल्ली वर चढली. रतीबानं जिलबीसारखी पाकातली मशब्बक आणली होती, ती सगळ्यांना वाटत होती. आणि इतक्यात जिन्यावर धापा टाकण्याचा आवाज आला. हाजी सबरी.

त्यानं पलंगाला फेरी मारली. हात फिरवला. मशब्बक खायचं विसरला. "उस्ता, कैरोला माझं एक गिऱ्हाईक आहे, मुलीचं लग्न, असाच पलंग शोधतोय. तू म्हणशील ते."

मी रतीबाकडे बघितलं. तिनं ताट घट्ट धरलं होतं.

"न्या," मुतवल्ली म्हणाला.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. हाजी खाली वाकला, पलंगाचे बोल्ट शोधायला. एका कोपऱ्यात नाहीत. दुसऱ्यात नाहीत. चारही सांध्यांत नुसत्या लाकडी खुंट्या, वरून घासून पॉलिश केलेल्या.

"बोल्ट कुठायत?"

"बोल्ट नाहीत. फळीचं तासलेलं टोक, कुसू, खाचेत ठोकून बसवलंय. जुन्या पद्धतीचं काम."

"म्हणजे सुटत नाही?"

"नाही."

हाजीनं पलंगाकडे बघितलं. मग त्या चिंचोळ्या दाराकडे बघितलं. मग परत पलंगाकडे. आणि त्याचं पोट हलायला लागलं. "अरे उस्ता," तो म्हणाला, "पण हा बाहेर कसा जाणार?"

मुतवल्लीनं कपाळावर हात मारला. "या रब! दार!"

असा हशा त्या घरात कधी पिकला नसेल. लोक भिंतीला टेकून हसले, जिन्यात बसून हसले. हाजी तर डोळे पुसत म्हणाला, "भिंत पाडू, मी बांधून देतो!" त्यावर मुतवल्ली गंभीरपणे म्हणाला, "त्या भिंतीवर गच्ची उभी आहे हाजी." रतीबानं रुमालात तोंड लपवलं होतं, खांदे गदगदत होते. मला वाटलं रडतेय बिचारी. जन्मभर वाट बघून पलंग मिळाला तोही असा, सगळ्यांच्या थट्टेचा.

त्या दिवसापासून त्याचं नाव दारविसऱ्या पडलं. दुमियातमध्ये सुतारानं दार मोजायला विसरणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. ज्याच्या कामाला लोक हात लावून शपथ घ्यायचे त्याला काल मिसरूड फुटलेली पोरं हाका मारायची, "उस्ता, खुर्ची करताय? आधी दार मोजा!" पॉलिशवाले, नक्षीवाले, हमालसुद्धा. हिशामला कचेरीत चिडवायचे. तो बापाच्या पलंगाचं नाव निघालं की विषय बदलायचा. मुतवल्ली चहाच्या दुकानात हुक्का ओढत बसायचा आणि नुसता हसायचा.

मलाच राहवेना. "अरे, तोंड उघड की! या शेंबड्यांना तू रंधा धरायला शिकवलास!"

"हसू दे अतिया," तो म्हणाला. "हसणारा विकत घ्यायला येत नाही."

मला ते तेव्हा म्हाताऱ्याचं काहीतरी बोलणं वाटलं.

गादी मी भरली. शब्द दिला होता. गल्लीत चटई टाकून लांब धाग्याचा कापूस पिंजला, इतका की पोरं म्हणाली ढग उतरलाय. वर नेऊन पसरली तेव्हा पलंगाच्या आतल्या बाजूला, चारही पायांपाशी, अगदी खाली, मला आणखी एकेक पान दिसलं. नखाएवढं. मी म्हणालो, "उस्ता, तिथं कोण बघणार? अति केलंस." तो म्हणाला, "जिला बघायचं ती बघेल." रतीबानं मला चहाचा पेला दिला आणि बाहेर पिटाळलं.

ती दाराकडच्या बाजूला झोपायची. हे मला माझ्या बायकोनं सांगितलं.

पाचसहा वर्षं त्यांना तो पलंग लाभला. मग एका शुक्रवारी नमाज पढून आलेला मुतवल्ली जरा पाठ टेकतो म्हणून आडवा झाला आणि उठला नाही. मयतीलाही कुणीतरी कुजबुजलंच, माणूस दारातून नीट निघाला, पलंग राहिला. मी त्याचा गळा धरायला धावलो, दोघांनी मला ओढून बसवलं.

रतीबा एकटी राहिली. गुडघे गेले, जिना म्हणजे डोंगर. हिशामनं नव्या दुमियातमध्ये समुद्राकडे घर घेतलं, लिफ्टचं, रुंद खोल्यांचं. रोज यायचा, "अम्मा, चल." नातवंडं तिकडे होती, तिचा जीव तिकडे होता. पण तिचं एकच, "पलंग येत असेल तर येते."

"अम्मा, तो निघत नाही! सगळ्या गावाला माहीत आहे तो निघत नाही!"

"मग मीही नाही निघत."

हे वर्षभर चाललं. ती खिडकीत बसून नातवंडांची वाट बघायची आणि आत येऊन पलंगावर मुतवल्लीच्या बाजूची चादर सारखी करायची. मी खालून बघायचो. एका बाजूला जितीजागती पोरं, दुसऱ्या बाजूला लाकूड. मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची.

शेवटी हिशाम एक तरुण सुतार घेऊन आला, हम्मूदा नावाचा. मीही वर गेलो. हम्मूदानं पलंग ठोकून बघितला, वाकून बघितला, आणि वडीलधाऱ्या बाईला मानानं म्हणतात तसं अवघडून म्हणाला, "हज्जा, कापावाच लागेल. तिकडे नेऊन लोखंडी पट्ट्या मारून जोडून देतो. कळणार नाही." त्यानं पिशवीतून करवत काढली.

रतीबानं करवतीकडे बघितलं. मग नातवंडांच्या फोटोकडे. मग मला म्हणाली, "अतियाभाऊ, बाहेरच्या खोलीतून उस्ताची लाकडी मोगरी आण. आणि खिळ्याला टांगलेली ती बोटाएवढी ठोकणी."

मी आणली. ती गुडघ्यांवर हात टेकत, आई गं करत जमिनीवर बसली, पलंगाच्या आत सरकली, खालच्या त्या नखाएवढ्या पानावर ठोकणी ठेवली आणि मोगरी मारली. एकदा. दोनदा. बाहेरच्या बाजूनं खुंटी सरकली आणि टपकन खाली पडली. आम्ही तिघं आ वासून बघत होतो. चार पानं, चार खुंट्या. लांबीची फळी हलवली तशी ती खाचेतून सुटून हिशामच्या हातात आली. आत सरसाचा थेंबही नव्हता.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मला," ती जमिनीवरूनच म्हणाली. "म्हणाला, बाकी सगळीकडे सरस आहे, इथं नाही. दुनियेसाठी हा जुळलेला, तुझ्यासाठी सुटा. कधी जावंसं वाटलं तर पानावर मार."

हिशाम फळी धरून उभाच. "मग मला का नाही सांगितलं? मी... लोक त्यांना काय काय म्हणत होते, अम्मा."

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून."

"आणि मला?" मी विचारलं.

"तू चहाच्या दुकानात बसतोस, अतियाभाऊ."

"पण एवढं सोपं होतं तर वर्षभर इथं का बसून राहिलीस?"

तिनं खुंटी तळहातावर घेतली. "त्यानं मारून बसवलेली होती रे. माझ्या हातानं काढवेना." आणि तेव्हा ती रडली. त्या दिवशी, हाजीसमोर रुमालात, ती रडत नव्हती. हसत होती. नवराबायको दोघं मिळून साऱ्या दुमियातला हसत होती, आणि आम्हाला वाटत होतं आम्ही त्यांना हसतोय. ज्या माणसाकडे हातच्या कामाच्या नावाशिवाय दुसरं काही नव्हतं, त्यानं ते नाव बायकोच्या पलंगाच्या पायाशी ठेवलं होतं. मी खाली येऊन माझ्या दुकानात कापसाच्या ढिगात तोंड घालून बसलो.

पलंग नेला तो दिवस गुरुवारच निघाला. मी चहाच्या दुकानात जाऊन दोघा ढोलवाल्यांना उठवलं. टेम्पोवाला म्हणाला, घाई आहे. मी म्हणालो, हळू चालवला नाहीस तर चाकं उसवीन. ढोल वाजायला लागला तशा बायका गच्च्यांवर आल्या, आधी गोंधळल्या, मग त्यांना पान दिसलं आणि त्यांनी अशा किलकाऱ्या मारल्या की कबुतरं उडाली. रतीबा पुढे चालकाशेजारी बसली होती, मांडीवर चीजचा पत्र्याचा डबा. तो ती कुणाच्या हाती देईना. मोठ्या रस्त्यावर हाजी सबरीच्या मुलानं टेम्पोला हात दाखवला, "हज्जा, पलंग विकायचाय का?"

"नाही," ती खिडकीतून म्हणाली. "हा माझा आहे."

नव्या घरात हम्मूदानं फळ्या उभ्या केल्या, खुंट्या हातात घेतल्या. खोलीचं दार रुंद होतं, दोन पलंग शेजारी शेजारी गेले असते. रतीबानं दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "थांब. आधी सरस लाव."

हम्मूदानं पांढऱ्या डिंकाची बाटली काढली.

"ते दूध नको. हे घे." तिनं मांडीवरचा चीजचा डबा उघडला. आत सरस होता, कारखान्यात उरलेल्या वड्या तिनं आदल्या दिवशीच पाण्यात भिजत घातल्या होत्या.

"अम्मा," हिशाम म्हणाला, "सरस लावला तर मग तो कधीच सुटणार नाही."

"मला आता कुठं जायचंय?"

सून नशवानं नव्या कोऱ्या शेगडीवर डबा ठेवला आणि ओढणी नाकाला लावली. थोड्या वेळात वास सुटला, तोच, घाण, गोडसर. पडद्यांत शिरला, पोरं नाक दाबून पळाली. रतीबा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, भिंतीला टेकून, नवरीसारखी. डोळे मिटून तिनं लांब श्वास घेतला.

"खिडकी लावून घे नशवा," ती म्हणाली. "बाहेर जाईल."